चलनातले स्मारक

कॅनडाच्या टांकसाळीने २००५ साली एक डॉलरचे एक नाणे काढले, त्याला आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. नाण्याच्या एका बाजूस रिवाजाप्रमाणे राणी एलिझाबेथची मुद्रा होती. दुसऱ्या बाजूस मात्र कोणी राजा, सेनापती किंवा पंतप्रधान नव्हता. तेथे होता कुरळ्या केसांचा, आखूड विजार घातलेला, धावणारा एक तरुण, आणि त्याचा उजवा पाय कृत्रिम होता. टांकसाळीचे मूर्तिकार स्टॅन्ली विटन यांनी कोरलेली ही आकृती टेरी फॉक्स याची. कॅनडात जन्मलेल्या व्यक्तीची प्रतिमा त्या देशाच्या चलनी नाण्यावर उमटण्याचा तो पहिलाच प्रसंग. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने पुढल्या पाच डॉलरच्या नोटेवरही याच तरुणाचे चित्र राहील असे जाहीर केले, आणि त्या नोटेवरील माजी पंतप्रधान सर विल्फ्रिड लॉरिए यांना पन्नासच्या नोटेवर नेण्याचे ठरविले. बाविसाव्या वर्षी जग सोडून गेलेल्या एका मुलासाठी एका पंतप्रधानाला जागा बदलावी लागावी, ही गोष्ट साधी नव्हे.

परदेशच्या एका नाण्याविषयी आम्ही अग्रलेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु स्मारक म्हणजे काय आणि ते कोणासाठी असते, हा प्रश्न केवळ कॅनडाचा नाही. आमच्याकडे तो दर वर्षी कोणत्या ना कोणत्या जयंतीच्या निमित्ताने उभा राहतो, आणि बहुधा चौथऱ्यावरचा पुतळा व मखमली डबीतले नाणे या दोन उत्तरांवर येऊन थांबतो. टेरी फॉक्सच्या नाण्याचे वेगळेपण असे की ते डबीत ठेवण्यासाठी पाडले गेलेच नाही. एक कोटीहून अधिक नाणी पाडून ती बँकांमार्फत सरळ बाजारात सोडण्यात आली. दूधवाल्याला, बसवाल्याला, पेपर विकणाऱ्या पोराला ती मिळाली. ज्याच्या हाती ते नाणे पडले त्याला त्यासाठी एक पैसाही जादा मोजावा लागला नाही.

हे नाणे इतके समर्पक का ठरले, हे समजून घ्यायचे तर त्या मुलाची हकिगत पाहावी लागते.

टेरी फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ चा, विनिपेग शहरातला. वाढला तो ब्रिटिश कोलंबियातील पोर्ट कोक्विटलाम गावी. बास्केटबॉलचे त्याला वेड होते. उंची बेताची, अंगी उपजत कौशल्यही फारसे नाही. परंतु रोज सकाळी इतरांच्या आधी मैदानावर हजर राहून त्याने संघात जागा मिळविली. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, उजव्या गुडघ्याच्या दुखण्याचे निदान हाडाचा कर्करोग असे झाले आणि गुडघ्याच्या सुमारे पंधरा सेंटिमीटर वर पाय कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतील बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिले. डिक ट्रॉम नावाच्या एका पाय गमावलेल्या गृहस्थाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन शर्यत पूर्ण केल्याची हकिगत त्यात होती. पुढे औषधोपचाराच्या महिन्यांत रुग्णालयात त्याने आपल्याहून लहान मुले कण्हताना पाहिली, त्यांतली काही परत घरी गेली नाहीत हेही पाहिले. आपण वाचलो याचे ऋण काही तरी करून फेडले पाहिजे, हा विचार त्याच्या मनात तेथेच रुजला. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. मृत्यूच्या दारातून परत आलेल्याला आत राहिलेल्यांचे जे ऋण जाणवते, त्याला मात्र शास्त्रकारांनी नाव दिलेले नाही.

पुढल्या चौदा महिन्यांत त्याने पाच हजार किलोमीटरहून अधिक सराव केला. आरंभी घरी त्याने सांगितले ते एवढेच, की एका मॅरेथॉन शर्यतीची तयारी चालली आहे. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनडाच्या कर्करोग संस्थेला पत्र लिहून आपला बेत कळविला: अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत सारा देश धावत ओलांडायचा आणि वाटेत कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे गोळा करायचे. संस्थेला आरंभी या बेताविषयी शंकाच होती, आणि कोणत्याही शहाण्या संस्थेला ती वाटलीच असती. गाडी, इंधन आणि बूट कंपन्यांनी दिले तेव्हा त्याने ते घेतले. परंतु त्या मोबदल्यात आमच्या मालाची वाहवा कर, अशी अट जेथे आली तेथे त्याने पाठ फिरविली. ही बाब ध्यानात ठेवावी. नाण्याच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडविला आणि धावायला सुरुवात केली. सोबत एक मित्र आणि एक गाडी, एवढाच लवाजमा. बहुतेक दिवशी जवळजवळ बेचाळीस किलोमीटर, म्हणजे एक अख्खी मॅरेथॉन शर्यत. आमच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो: पणजीहून निघून मडगाव गाठावे आणि पुढे आणखी दोन कोस जावे, इतके अंतर, आणि तेही दररोज, एका पायावर, हिमवर्षावात, पावसात आणि पुढे उन्हाळ्याच्या तापात. त्या काळचे कृत्रिम पाय धावण्यासाठी बनविलेले नव्हते. तो पाय पुन्हा पुढे येईतो चांगल्या पायावर एक उडी जास्त घ्यावी लागे. दोन थाप आणि एक आपट, अशी त्याची ती चाल त्या देशाच्या कानांत अजून घुमते असे म्हणतात. घर्षणाने खुंटावर जखमा होत, रक्त वाही. तो थांबत नसे.

आरंभीचे दिवस उपेक्षेचे गेले. रस्त्यावर कोणी फिरकत नव्हते, वृत्तपत्रांना फारशी दखल घ्यावीशी वाटली नव्हती. मग बेटाच्या पश्चिम टोकाला पोर्ट-ओ-बास्क नावाचे एक लहान बंदर लागले. मासेमारीवर आणि जहाजांच्या ये-जावर जगणारे, सुमारे दहा हजार वस्तीचे गाव. आमच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या गावासारखे म्हणा ना! त्या गावाने दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम जमवून त्याच्या हाती ठेवली. माणशी एक डॉलर. टेरी फॉक्सच्या मोहिमेचे गणित येथे बदलले. या गावाला जे जमले ते साऱ्या देशाला का जमू नये? कॅनडाची त्या वेळची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात होती. तेव्हापासून त्याचे मागणे एकच राहिले: प्रत्येकाने एक डॉलर द्यावा. धनिकाने हजार द्यावेत आणि गरिबाने टाळ्या वाजवाव्यात, असे ते मागणे नव्हते. थोरामोठ्यांनी ठरविलेल्या कार्यक्रमपत्रिकेतून ही कल्पना निघाली नाही. ती एका कोळी गावाच्या हिशेबातून निघाली, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

क्युबेकमध्ये त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तेथील भाषा वेगळी, त्याची वेगळी, आणि काही वाहनचालकांनी तर त्याला रस्त्याच्या कडेला रेटले. भाषिक भिंती माणुसकीलाही कशा आडव्या येतात हे सीमाभागातील मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. ओंटॅरिओत मात्र चित्र पालटले. जुलैमध्ये टोरोंटो येथे दहा हजारांचा जमाव त्याच्या स्वागताला उभा होता. परंतु १ सप्टेंबर १९८० रोजी, थंडर बे शहराजवळ, छातीत कळा येऊन आणि खोकल्याची उबळ न थांबून त्याला धावणे सोडावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी एवढे अंतर तोडूनही पुढे कितीतरी उरते, इतकी ती मजल होती. तरी पॅसिफिक अजून दूरच होता.

जे धावून पुरे झाले नाही ते थांबल्यावर पुरे झाले. दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात काही तासांत एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी दोन कोटी एक्केचाळीस लाख डॉलरच्या पुढे गेला होता. माणशी एक डॉलर झाला! त्याच वर्षी २८ जूनला, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर आला असता, टेरी फॉक्स गेला. सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली वार्षिक दौड झाली. ती अनेक देशांत पसरली, भारतातही धावली गेली, आणि आजवर त्या नावाने ८५ कोटी डॉलरहून अधिक पैसा संशोधनासाठी उभा राहिला आहे. या दौडीला प्रवेशशुल्क नाही, बक्षीस नाही, क्रमांक नाही, आणि कंपन्यांचे फलक नाहीत. त्याची आई बेटी फॉक्स २०११ मध्ये वारल्या, तोवर त्यांनी हा नियम सैल होऊ दिला नाही. मुलाने हयातीत जी पाठ फिरविली होती, ती आईने तशीच राखली.

आता नाण्याकडे वळू. एक डॉलरचे नाणे निवडण्यात जे औचित्य आहे ते वेगळे समजावून सांगायला नको. त्याने मागितले होते तेवढेच देशाने त्याच्या नावाने हाती दिले. आणखी एक योगायोग आहे. कॅनडाची सारी चलनी नाणी ज्या टांकसाळीत पाडली जातात ती विनिपेगमध्ये आहे. म्हणजे ज्या गावी त्याचा जन्म, तेथेच त्याची मुद्रा लक्षावधी वेळा ठोकली गेली. गंमत अशी की १९८० साली, तो धावत असताना, लोकांनी त्याच्या हाती दिलेला डॉलर कागदाचा होता. सध्याचे अकरा कोनांचे सोनेरी नाणे १९८७ मध्ये आले. त्यावर लून हा पाणपक्षी आला तोही अपघातानेच. मूळ नियोजित चित्राचे ठसे ओटावाहून विनिपेगला पाठविताना वाटेत गहाळ झाले, आणि बनावट नाण्यांच्या भीतीने घाईघाईत दुसरे चित्र घ्यावे लागले. सरकारी पार्सले गहाळ होण्याची कला केवळ आमच्याच देशात विकसित झाली आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो दुरुस्त करून घ्यावा.

याच्या तुलनेत अमेरिकेची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ नाणे काढावयाचे तर काँग्रेसमध्ये विधेयक संमत व्हावे लागते. वर्षाकाठी अशा दोनच योजनांना वाव असतो. ही नाणी चलनात येत नाहीत, ती विकली जातात. किमतीवर ठराविक अधिभार लावतात आणि तो त्या व्यक्तीच्या नावाच्या संस्थेला मिळतो. वरकरणी ही पद्धत फार शहाणपणाची दिसते. स्मरण होते, संग्राहकाची हौस भागते, आणि सत्कार्याला पैसाही मिळतो. परंतु १९९७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या बाबतीत काय झाले ते पाहावे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये गोऱ्यांनी उभारलेली वर्णभेदाची भिंत १९४७ साली ज्याने मोडली, आणि पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत जो खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तो हा खेळाडू. त्या घटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एक लाख सोन्याची व दोन लाख चांदीची नाणी पाडण्याची परवानगी मिळाली. सोन्याच्या नाण्यावर ३५ डॉलर आणि चांदीच्या नाण्यावर १० डॉलर अधिभार होता. प्रत्यक्षात साध्या घडणीची सोन्याची नाणी खपली ती अवघी ५,१७४. खप कमी म्हणून ती दुर्मिळ झाली, दुर्मिळ म्हणून त्यांचे भाव चढले, आणि पुढच्या खरेदी-विक्रीतला नफा व्यापाऱ्यांच्या पदरी पडला. त्यातला एक पैसाही रॉबिन्सनच्या नावाच्या प्रतिष्ठानकडे जाण्याचे कारण नव्हते. ज्या विद्यार्थ्यांसाठी ते प्रतिष्ठान शिष्यवृत्त्या देते, त्यांच्यापैकी किती जणांनी ते नाणे डोळ्यांनी पाहिले असेल?

रॉबेर्तो क्लेमेंते याच्या नावाचे विधेयकही काँग्रेसपुढे आले, आणि त्यातही तोच विक्रीचा व अधिभाराचा मार्ग सुचविलेला होता. प्वेर्तो रिको बेटावर जन्मलेल्या या बेसबॉलपटूची गोष्टही विसरण्याजोगी नाही. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. आधी पाठविलेली मदत योग्य हाती पडत नाही असे कळताच, स्वतः बरोबर गेलो तर ती लुबाडली जाणार नाही, या भरवशावर तो वर्षाच्या अखेरच्या रात्री सामानाने खच्चून भरलेल्या विमानात चढला. विमान किनारा सोडताच समुद्रात कोसळले. त्याच्या नावावर बरोबर तीन हजार फटके होते. त्यात आता भर पडणार नव्हती. अशा माणसाची मुद्रा चांदीच्या तबकडीवर कोरून ती दोनचार लाख संग्राहकांना विकली म्हणून त्याचा अपमान होतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या बेटावरच्या उसाच्या मळ्यात त्याचे वडील राबले, तेथल्या मजुराच्या खिशात ते नाणे कधीही जाणार नाही, एवढे खरे.

आमच्या देशाची रीत कोणती? एके काळी ती कॅनडाची होती, आणि हळूहळू ती अमेरिकेची होत चालली आहे. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांची मुद्रा असलेली रुपया व अर्ध्या रुपयाची नाणी निघाली ती सरळ बाजारात आली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचे पिवळे वीस पैसे घराघरांत पोहोचले. कितीतरी आज्यांच्या बटव्यात ते पुढे वर्षानुवर्षे राहिले, कारण खर्च करवत नव्हते. नंतर आंबेडकर जन्मशताब्दीचा रुपया आला, १९९९ मध्ये ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपये आले. २०१० साली मदर तेरेसांच्या जन्मशताब्दीचे पाच रुपयांचे नाणे निघाले. ही नाणी भाजीच्या हिशेबात आली, फंडपेटीत पडली, पोरांच्या खाऊला गेली. खेळांच्या निमित्तानेही नाणी निघाली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांची आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांची. त्यांवर मात्र स्पर्धेचे बोधचिन्ह होते. धावणारा, झुंजणारा खेळाडू नव्हता.

त्यानंतर ओघ बदलला. २०१८ मधील अटलबिहारी वाजपेयी यांच्या स्मरणार्थ काढलेले शंभर रुपयांचे नाणे, २०२३ मधील नव्या संसद भवनाचे पंचाहत्तर रुपयांचे नाणे, ही उदाहरणे ताजी आहेत. दर्शनी किंमत पंचाहत्तर असली तरी ते पंचाहत्तर रुपयांत मिळत नाही. टांकसाळीकडून कितीतरी पट दाम मोजून विकत घ्यावे लागते, आणि ते घेऊन कोणी बाजारात जात नाही. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतची नाणी काढून ती चलनात आणली गेली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु व्यक्तीचे स्मारक म्हटले की आता पंचतारांकित सभागृहातील प्रकाशन, मान्यवरांच्या हातातील चकचकीत पेटी, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातले छायाचित्र, एवढ्यावर त्याचे आयुष्य संपते. टांकसाळीला उत्पन्न मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. नाणी जमविणे हा एक सुसंस्कृत छंद आहे, आणि इतिहास संशोधकांना त्याचे मोल चांगले माहीत आहे. आमचा आक्षेप आहे तो नाण्याला नाणेपणापासून तोडण्याला. जे हातोहात फिरत नाही, ज्याने काही विकत घेता येत नाही, ते पदक आहे. त्याला पदकच म्हणावे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की चलनातले स्मारकनाणे लोक दडवून ठेवतात आणि दुसऱ्याच दिवशी ते बाजारातून नाहीसे होते. होते खरे, कॅनडातही पुष्कळांनी टेरी फॉक्सचे नाणे जपून ठेवलेच असेल. पण यात बिघडले काय? ज्याने एका डॉलरचे नाणे एक डॉलर सोडून आठवण म्हणून ठेवले, त्याने आपल्या मनाने स्मारक उभारले. आमच्या गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांत राजा दों लुईशची १८८१-८२ ची चांदीची रुपिया अद्याप देव्हाऱ्यात सापडते, आणि लक्ष्मीपूजनाला तबकात मांडली जाते. राजा परका, राज्य परके, ते १९६१ साली संपलेही. पण नाणे घरातले झाले. आजोबांच्या हातून आले म्हणून झाले. ते कोणी मखमली डबीत विकत आणलेले नव्हते. मोलमजुरीतून, नारळाच्या पाडपातून, सुपारीच्या सौद्यातून ते घरात आले, म्हणूनच ते टिकले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाण्याचे दिवसच आता संपत आले, असे म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवळीच्या शेंगा विकणारी बाई देखील आता फलकावरचे चौकोनी चित्र पुढे करते आणि गिऱ्हाईक मोबाईल त्याच्यासमोर धरते. सुट्या पैशांवरून बसवाल्याशी होणारी हुज्जतही कमी झाली. मग चलनातल्या नाण्याचा हट्ट कशाला? आम्हांस वाटते, हाच त्या हट्टाला बळ देणारा मुद्दा आहे. जोवर ओटीत, दक्षिणेत, आहेराच्या पाकिटात एक रुपयाचे नाणे लागते, जोवर झुवारी-मांडवीच्या पुलावरून जाताना कोणी तरी हात जोडून नाणे पाण्यात सोडते, तोवर नाण्याला व्यवहारापलीकडचे एक स्थान आहे. व्यवहारातून ते जसजसे उठेल तसतसे जे नाणे हाती येईल त्याकडे माणूस अधिक निरखून पाहील. त्यावर काय कोरलेले आहे याचा विचार तेव्हा अधिकच व्हायला हवा.

कर्करोगाच्या बाबतीत आमच्या वाचकांना वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. या किनाऱ्यावरची किती कुटुंबे परळच्या टाटा रुग्णालयाच्या वाऱ्या करीत आली आहेत! १९४१ पासून ते रुग्णालय उभे आहे. रात्रीच्या बसने निघून पहाटे दादरला उतरणारा, पिशवीत कागदपत्रे आणि सोबत भेदरलेला भाऊ किंवा बायको असलेला माणूस, हे चित्र येथल्या गावागावांत ठाऊक आहे. टेरी फॉक्सचा पाय ज्या रोगाने गेला त्यात आज औषधोपचार आणि शस्त्रक्रिया यांच्या प्रगतीमुळे पुष्कळांचा पाय वाचतो, आणि प्राणही वाचतो. ही प्रगती आपोआप झालेली नाही. कोणाच्या तरी एक एक डॉलरने ती झालेली आहे. आपल्याकडे देणगीचा पहिला अंक नेहमी मोठ्या नावाने सुरू होतो आणि दगडावर कोरला जातो. लहान देणाऱ्याला आपल्या एका रुपयाने काही होईल असे वाटतच नाही, कारण तसे त्याला कोणी कधी सांगितलेले नाही.

आणि हा विचार आपल्या मातीला परका आहे असेही नव्हे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या जाण्याच्या खर्चाला सरकारी तिजोरी पुरेशी उघडली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापुरातील हितचिंतकांनी भर घातली, आणि मग तो मल्ल हेलसिंकीला पोहोचला. पोर्ट-ओ-बास्कच्या कोळ्यांनी जे केले ते त्याआधी अठ्ठावीस वर्षे साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी केले होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला, आणि पद्म पुरस्कार काही त्यांच्या वाट्याला हयातीत आला नाही. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धांत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ मध्ये.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, म्हणजे २०२६ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. शताब्दीचे नाणे काढावयाचे तर आमची सूचना अशी आहे: ते शंभर रुपयांचे नको, चांदीचे नको, पेटीतले नको. दोन रुपयांचे असावे, साध्या पोलादाचे असावे, आणि काही कोटींच्या संख्येने बँकांतून सुटावे. संग्राहकांसाठी वेगळी घडण काढून त्यावर जादा किंमत घ्यावयाचीच असेल, तर त्या जादा रकमेचा ठरलेला हिस्सा गावोगावच्या तालमींना किंवा जखमी खेळाडूंच्या उपचारांना मिळेल, आणि वर्षाअखेर त्याचा हिशेब प्रसिद्ध होईल, अशी तरतूद अधिसूचनेतच करावी. पहिल्या थैल्या दिल्लीच्या सभागृहात न फोडता कराडच्या एखाद्या बँकेच्या शाखेत फोडाव्यात, आणि तेथून त्या आठवड्याच्या बाजाराला जाऊ द्याव्यात.